पेशींच्या पुटिका आणि प्रतिकारशक्तीचे उपचार

कर्करुग्णांचे नातेवाईक अलीकडे बाह्यरुग्ण विभागात ‘एक्सोसोमचे इंजेक्शन मिळेल काय’ असे विचारू लागले आहेत. कोणी पुण्या-मुंबईहून ऐकून आलेला असतो, कोणी मोबाइलवर वाचलेले असते. जमीन विकण्याचीही तयारी असते. म्हणून हा विषय देणगीदार व रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

या शोधाचा आरंभ मेंढीच्या रक्तातून झाला, याचे माणदेशातील वाचकांस कौतुक वाटेल. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन व त्यांचे सहकारी मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करीत होते. पेशी पक्व होताना लोह आत घेण्यास साहाय्य करणारे तिच्या पृष्ठावरील प्रथिन नाहीसे होते. ते जाते कोठे? पेशी ते सूक्ष्म पुटिकांत भरून बाहेर टाकते, असे १९८३ साली दिसून आले. मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढ्या या पुटिकांना १९८७ साली ‘एक्सोसोम’ हे नाव मिळाले. पुष्कळ काळ ती केवळ पेशीची केर टाकण्याची रीत समजली जाई.

१९९६ साली निराळीच गोष्ट उघड झाली. प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींनी सोडलेल्या पुटिकांवर रोगाची ओळख पटविणारी प्रथिने असतात आणि त्या टी-पेशींना जागे करू शकतात. पेशी स्वतः न जाता जणू खुणेची चिठ्ठी धाडते. १९९८ साली फ्रान्समधील संशोधकांनी अशा पुटिका देऊन उंदरांतील गाठी आटोक्यात आणल्या. २००५ साली त्वचेच्या व फुप्फुसाच्या कर्करोगावरील पहिल्या छोट्या मानवी चाचण्यांचे निष्कर्ष आले. उपचार सुसह्य ठरला, पण लाभ मोजक्यांनाच झाला.

आपल्या राज्यात प्रत्यक्ष उपलब्ध झालेला उपचार पुटिकांचा नसून जिवंत पेशींचा आहे. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून परत दिल्या जातात. तो काही विशिष्ट रक्तकर्करोगांसाठीच आहे. परदेशांतील अशा उपचारांच्या मानाने खर्च पुष्कळ कमी असला, तरी तो लाखांच्याच घरात जातो. शिवाय या पेशी शरीरात वाढतात. कधी प्रतिक्रिया अनावर होते.

पुटिका वाढत नाहीत, म्हणून त्या अधिक सुरक्षित ठरतील, साठवून ठेवता येतील व अनेकांना देता येतील, अशी संशोधकांची आशा आहे. अडचणीही मोठ्या आहेत. प्रत्येक घाण्यातील पुटिका सारख्या नसतात. शिरेतून दिल्यास यकृत व प्लीहा त्यांतील बहुतेक अडवून ठेवतात आणि गाठीपर्यंत थोड्याच पोहोचतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये, आपण एकाही एक्सोसोम उत्पादनास मान्यता दिलेली नाही, असे जाहीर करून नागरिकांस सावध केले होते. काही रुग्णांना गंभीर अपाय झाल्याच्या तक्रारी तेव्हा आल्या होत्या. तेव्हा असा उपचार कोणी सुचविल्यास तो चाचणीचा भाग आहे काय, हे प्रथम विचारावे. भारतातील चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. तो क्रमांक मागावा. संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णावर टाकू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पैसे भरण्यापूर्वी कागदपत्रे घेऊन आमच्याकडे यावे. ती वाचून समजावून देण्यास शुल्क आकारले जात नाही.