दोन हायड्रोजनचा फरक

दिंडोरीच्या बागेतलं खायचं द्राक्ष दाताखाली कुठे अडत नाही. थॉम्पसन काय, सोनाका काय, सगळी बिनबियांची. पण वाईनसाठी लावलेल्या शिराझचा एक मणी चावून पाहा: कडक, तुरट बिया लागतात. याच तालुक्याचं नाव घेऊन 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' बाटलीत जाते, आणि बिया चोथ्यात मागे उरतात. त्या बियांमध्ये तेल असतं, वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढं, कधी त्याहून जास्त.

ते मोजायचं कसं? 1879 मध्ये फ्रान्त्स फॉन सॉक्सलेट यांनी दुधातला मेद मोजायला काचेचं एक उपकरण बनवलं. आपल्या ठिबकचीच आठवण यावी असं ते चालतं. खालच्या चंबूत हेक्झेन उकळतं, वाफ वर जाऊन गार होते आणि थेंबाथेंबानं बियांच्या भुकटीवर पडते. भांडं भरलं की वाकडी नळी ते सगळं आपोआप खाली ओढून घेते. तेल चंबूत राहतं, हेक्झेन पुन्हा वाफ होऊन कोरंच्या कोरं वर निघतं. काही तासांनी हेक्झेन उडवून द्यायचं, उरलेलं तेल तोलायचं.

खरी नवलाई पुढे आहे. तेलातली स्टिअरिक, ओलेइक आणि लिनोलेइक ही तिन्ही मेदाम्लं 18 कार्बनच्या साखळीची. स्टिअरिकमध्ये हायड्रोजन 36, ओलेइकमध्ये 34, लिनोलेइकमध्ये 32. फरक दोन-दोन अणूंचा. पण स्टिअरिक 69 अंशांपर्यंत मेणासारखं घट्ट राहतं, ओलेइक 13 अंशांनाच वितळतं, तर लिनोलेइक शून्याखालीही पातळ असतं.

हा फरक वायू-वर्णलेखन टिपतं. अँथनी जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी ही पद्धत 1952 मध्ये मांडली, तीही मेदाम्लांवरच. आज मेदाम्लं मिथेनॉलशी जोडून लवकर वाफ होणारी करतात आणि केसासारखं बारीक छिद्र असलेल्या कित्येक मीटर लांब नळीतून वायूबरोबर सोडतात. दर दोन हायड्रोजन कमी झाले की साखळीत एक दुहेरी बंध येतो, आणि नळीच्या आतल्या लेपाला दुहेरी बंधांची ओढ. म्हणून स्टिअरिक आधी सुटतं, मग ओलेइक, शेवटी लिनोलेइक. बाहेर पडणारं प्रत्येक आम्ल हायड्रोजनच्या ज्योतीत जळतं, इवलासा विद्युतप्रवाह उठतो आणि आलेखावर एक शिखर उमटतं.

द्राक्षाच्या बीचा आलेख काढला की लिनोलेइकच्या शिखरापुढे बाकीची टेकड्यांसारखी दिसतात. तेलातला साधारण 70 टक्के वाटा एकट्या लिनोलेइकचा.

ही बीनं कोंबासाठी बांधलेली शिदोरी. बागा तर खुंटावर कलम करून वाढतात, बी कुणी पेरत नाही. तरी दर हंगामात प्रत्येक बी आपल्या न उगवणाऱ्या रोपासाठी हेच तेल, साधारण याच प्रमाणात, निगुतीनं साठवते.