कर्त्याचा लोप आणि चिकित्सक वाचन

वृत्तपत्रातील मजकूर वर्गात आणून त्यावर चर्चा घडविणे, ही चिकित्सक विचाराच्या शिक्षणाची परिचित रीत होय. १९३७ साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी करून ती अमेरिकेतील शिक्षकांपर्यंत पोहोचविली. १९४२ साली तिचे कार्य थांबले. तिच्या पद्धतीवर टीकाकारांचा आक्षेप असा होता की, युक्त्यांना नावे देण्यास शिकलेला विद्यार्थी प्रत्येक मजकुराविषयी साशंक होतो. मजकुराची सत्यता तपासण्यास मात्र शिकत नाही.

मराठीच्या वर्गात हा दोष टाळावयाचा, तर चर्चेचा आरंभ वाक्यरचनेपासून करणे श्रेयस्कर ठरते. आपल्या वृत्तलेखनात ‘-ण्यात आले’ ही रचना विपुल आढळते. ‘पोलिसांनी जमावावर लाठीमार केला’ आणि ‘जमावावर लाठीमार करण्यात आला’ ही वाक्ये पाहावीत. घटना एकच, परंतु दुसऱ्या वाक्यात कर्त्याचा उल्लेख नाही, आणि व्याकरणदृष्ट्या त्याची उणीवही भासत नाही. ‘लाठीमार झाला’ असे म्हटले म्हणजे तर, पाऊस पडावा तशी, कृती आपोआप घडल्यासारखी वाटते.

येथे विद्यार्थी तत्काळ म्हणतात की, बातमीदाराने कर्ता लपविला. अध्यापकाने हा निष्कर्ष तसाच न स्वीकारता पुरावा मागावा. कर्ता गाळण्याची निदान तीन कारणे संभवतात : तो अज्ञात असतो, सर्वांस विदित असतो, किंवा त्याचा उल्लेख गैरसोयीचा असतो. ‘परीक्षेचा निकाल जाहीर करण्यात आला’ यात विद्यापीठ अध्याहृत आहे. लपविण्यासारखे काही नाही. ‘रस्त्यालगतचे वृक्ष तोडण्यात आले’ येथे मात्र कोणी आणि कोणाच्या आज्ञेने, हे विचारलेच पाहिजे.

यांपैकी कोणते कारण लागू पडते, हे एकट्या वाक्यावरून ठरत नाही. त्यासाठी बातमीचा उर्वरित भाग आणि त्याच घटनेचे अन्य पत्रातील वृत्त शेजारी ठेवून वाचावे लागते. आज भ्रमणध्वनीवर पुष्कळदा केवळ मथळाच हातोहात फिरतो; त्यामुळे ही सवय अधिकच निकडीची झाली आहे. सर्व काही खरे मानणारा आणि सर्व काही खोटे मानणारा, दोघेही तपासणीचे श्रम टाळतात.

यास्तव चर्चेअखेर प्रत्येक विद्यार्थ्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : आपला पहिला तर्क कोणता होता, आणि तो बदलला असल्यास कोणत्या पुराव्याने बदलला. चर्चेतून काय साधले, याचा अंदाज अध्यापकास या उत्तरांवरून येतो.