आजोबांची विडी, वडिलांची सिगारेट

आमच्या लालबागच्या चाळीत माणसाच्या खिशात काय आहे यावरून तो कुठे कामाला जातो हे कळे. विडीचे बंडल असेल तर गिरणी, सिगारेटचे पाकीट असेल तर कचेरी. आजोबा साळखात्यात होते. कापूस-सुताजवळ काडी पेटवायला सक्त मनाई, म्हणून पाळीभर तंबाखू-चुना आणि भोंगा झाल्यावर गेटाबाहेर पहिली विडी. आजी मिश्री लावायची. वडील मॅट्रिक होऊन कारकून म्हणून लागले आणि महिन्याभरात त्यांनी विडी टाकून सिगारेट धरली. प्रकृतीचा प्रश्नच नव्हता. कचेरीच्या जिन्यात विडीचा वास बरा दिसत नव्हता. धाकटे काका मात्र गिरणीत ‘बदली’ म्हणून चिकटले आणि विडीवरच राहिले.

माणसाचा वर्ग बदलला की व्यसन बदलते का, हा प्रश्न मला याच घराने दिला. त्याची सर्वांत नीट मोजदाद झाली आहे ती ब्रिटनमध्ये. तिथे १८८३ मध्ये विल्स कंपनीने सिगारेट वळणारे बोन्सॅक यंत्र आणले, आणि १८८८ मध्ये पेनीला पाच या भावाने ‘वुडबाइन’ बाजारात आली. त्या स्वस्ताईने सिगारेट मजुराच्या हातात गेली. १९४८ च्या पाहणीत ८२ टक्के ब्रिटिश पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू ओढत होते. इतके सगळेच ओढत असताना धुरावरून वर्ग ओळखणे कठीणच होते. फरक असलाच तर पाइप की सिगारेट, आणि कोणत्या छापाची, एवढाच.

मग १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा सिगारेटशी संबंध दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी अभ्यासासाठी निवडले ते खुद्द डॉक्टरांना. त्यांच्यापैकी अनेकांनी सिगारेट सोडली. १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल आला, आणि डॉक्टरांमागून इतर शिकले-सवरलेलेही बाहेर पडू लागले. २०२२ पर्यंत व्यवस्थापक आणि व्यावसायिक वर्गात शंभरात जेमतेम आठ, तर साध्या अंगमेहनतीच्या कामांत शंभरात सुमारे तेवीस जण ओढणारे उरले. एकेकाळी सर्वांची असलेली सवय अशी खालच्या पायऱ्यांवर साचली.

‘शिक्षण कमी, म्हणून समज कमी’ हे आपले ठरलेले उत्तर. मला ते पटत नाही. इंग्लंडमध्ये सोडण्याची इच्छा आणि प्रयत्न सर्व वर्गांत जवळपास सारखे आढळतात. तफावत पडते ती यशात. गरिबाचे निकोटीनवरचे अवलंबन अधिक घट्ट असते, आणि त्याच्या भोवतालचे सगळे ओढणारेच असतात. म्हणजे सोडायचे ठरवणे एक, आणि रोज त्याच टपरीवर चहा पिऊन ते निभावणे दुसरे.

आता वर चढलेल्यांचे काय? १९५८ च्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे १७,००० बाळांचा माग संशोधकांनी पुढे अनेक दशके ठेवला. वडिलांच्या वर्गाची छाप मुलाच्या प्रौढपणीच्या धूम्रपानावरही राहते, त्याची स्वतःची नोकरी हिशेबात धरली तरी, असे त्यातून दिसले. अशा अभ्यासांत वर गेलेला माणूस बहुधा मधेच सापडतो : मागे सोडलेल्या वर्गापेक्षा कमी ओढणारा, पण नव्या वर्गात जन्मलेल्यांपेक्षा थोडा जास्त. अर्थात उलटही असू शकते. ज्याला लहानपणी व्यसन लागले नाही त्याची प्रकृती, शाळा, पैसा थोडा वाचला आणि म्हणून तो चढला. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आपल्याकडे जिन्याला पायऱ्या अधिक आहेत. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते, सिगारेट ४ टक्के. धूरविरहित तंबाखू मात्र २१.४ टक्के. महाराष्ट्रात धूर काढणारे जेमतेम ३.८ टक्के, आणि तंबाखू, मिश्री, गुटखा मिळून २४.४ टक्के. माझ्या आईने लग्नानंतर मिश्रीला हात लावला नाही, कारण डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये ती कोणी लावत नसे.

विडीबद्दल तर समाजाला एक विचित्र माया आहे. ‘गरिबाची विडी’ म्हणून २०१७ मध्ये सिगारेटवर जीएसटीखेरीज उपकर बसला, विडीवर नाही. पण विडी सौम्य नसते. टेंभुर्णीच्या पानातून हवा कमी जाते, ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. ती वळणाऱ्या सोलापूर-सिन्नरकडच्या बायाही गरीबच. सवलत नेमकी कोणाच्या हिताची?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि काका एकेक पायरी खाली आले. आधी भाजीची गाडी, मग रात्रपाळीचा वॉचमन. दिवसाचे एक बंडल दोनांवर गेले. त्याच सुमारास छातीच्या डॉक्टरांनी दोघा भावांना एकच सल्ला दिला. वडिलांच्या कचेरीत तोवर निम्म्या लोकांनी सिगारेट टाकली होती, वडिलांनीही टाकली. काकांना जमले नाही. ‘एकाला कळलं, दुसऱ्याला कळत नाही,’ असे घरात म्हटले जाई. मीही म्हणत असे.

एकदा काका आजारपणानंतर तीन आठवडे डोंबिवलीला आमच्याकडे राहिले. त्या दिवसांत त्यांनी एकही विडी ओढली नाही, मागितलीही नाही. वडील म्हणाले, “बघ, मनावर घेतलंस तर होतं.” काका काही बोलले नाहीत. मग ते कामावर परतले. पुढे मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या हातात विडी होती. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, “अरे, तिसऱ्या रात्री शेजारच्या गेटवरच्यानं बंडल पुढं केलं. बारा तास बसायचं, बोलायला तो एकटाच. त्याला नाही कसं म्हणू?”