टीडीसॅट म्हणजे काय? आपली तक्रार तिथे चालते का?

रिचार्ज मारला, पैसे कटले, पण डेटा आलाच नाही. मग थेट टीडीसॅटमध्ये केस टाकायची का? नाही! दिल्लीतलं हे न्यायाधिकरण 2000 साली ट्राय कायद्यात बदल करून आलं. सरकार विरुद्ध कंपनी, कंपनी विरुद्ध कंपनी असे टेलिकॉमचे वाद तिथे चालतात. ग्राहकांचा गट असेल तर त्यालाही जाता येतं. एकट्याने मात्र आधी कंपनीकडे तक्रार करायची, नाहीतर ग्राहक आयोग आहेच. हा रस्ता खुला असल्याचं 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय.

पण सिम स्वॅप करून कुणी तुमचं खातं रिकामं केलं, तर? 5 कोटींपर्यंतच्या भरपाईसाठी राज्याच्या आयटी सचिवांकडे अर्ज करता येतो. तिथे हरलात, तर अपील 2017 पासून टीडीसॅटकडेच जातं.