चित्रातला चंद्र आणि आकाशातला चंद्र

एका शाळेच्या चित्रकला प्रदर्शनात काही वर्षांपूर्वी पाहिलेले एक चित्र मला अजून आठवते. आठवीतल्या एका मुलीने समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ रंगवली होती. माडांची रांग, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, पश्चिमेला विझत चाललेला तांबूस उजेड आणि त्याच्या वर चंद्राची बारीक कोर. ही कोर तिने आडवी काढली होती. खालच्या होडीसारखीच, दोन्ही टोके वर. चित्राच्या कोपऱ्यात तपासणाऱ्यांनी पेन्सिलीने लिहिले होते, 'चंद्र असा नसतो.' बक्षीस शेजारच्या चित्राला मिळाले होते. त्यात मध्यरात्र होती, फांदीवर घुबड होते, कंसासारखी ताठ उभी कोर होती आणि कोरीच्या पोटात एक टपोरी चांदणी.

दोघांपैकी कोणाचा चंद्र बरोबर? तुम्हीच ठरवा. त्यासाठी फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची : चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, आणि त्याची उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडे असते.

आधी चांदणीचे पाहू. कोर दिसते तेव्हा उरलेला चंद्र कुठे गेलेला नसतो. तो अंधारात असतो, एवढेच. मग कोरीच्या पोटात चांदणी दिसायची तर ती चंद्राच्या अलीकडे, म्हणजे आपल्यापासून ३ लक्ष ८४ हजार किलोमीटरांच्या आत असायला हवी! हा अंधारातला भाग कधी कधी राखाडी, मंद उजळलेला दिसतो. पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडतो, त्याचा हा परिणाम. हे कारण सोळाव्या शतकाच्या आरंभी आपल्या टिपणवहीत लिहून ठेवणारा मनुष्य चित्रकारच होता : लिओनार्दो दा विंची.

आता मध्यरात्र. कोर बारीक असते, याचा अर्थ चंद्र आकाशात सूर्याच्या जवळपास असतो. शुद्ध पक्षातली द्वितीया-तृतीयेची कोर सूर्यामागोमाग दोन-अडीच तासांत मावळते. वद्य पक्षाच्या अखेरीची कोर पहाट होता होता उगवते. तेव्हा घुबडाला मध्यरात्री बारीक कोर काही दिसायची नाही. शिवाय रात्री सूर्य क्षितिजाखाली असतो, म्हणून कोरीचा उजेडी भाग थोडा तरी खालच्या बाजूला कललेला असलाच पाहिजे. टोके जमिनीकडे झुकलेली कोर रात्रीच्या चित्रात दिसली, तर ती चूक म्हणून बेलाशक सांगा.

राहिला प्रश्न आडव्या कोरीचा. सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशातल्या साधारण एकाच पट्ट्यातून फिरतात. या पट्ट्याच्या मध्यरेषेला क्रांतिवृत्त म्हणतात. हे क्रांतिवृत्त संध्याकाळी पश्चिम क्षितिजाशी किती कोन करते, ते तुमच्या गावाच्या अक्षांशावर आणि ऋतूवर अवलंबून असते. मार्चच्या सुमारास हा कोन काढायचा तर ९० मधून अक्षांश वजा करायचा आणि २३॥ मिळवायचे. मुंबईचा अक्षांश सुमारे १९. उत्तर आले ९४॥, म्हणजे जवळजवळ काटकोन. सूर्य थेट चंद्राच्या खाली गेलेला. म्हणून कोर खालून उजळलेली आणि आडवी. सप्टेंबरात २३॥ मिळवण्याऐवजी वजा करायचे. कोन येतो ४७॥ आणि कोर तिरकी होते. लंडनचा अक्षांश ५१॥ धरून हेच गणित करा. मार्चमध्ये ६२ अंश, सप्टेंबरात अवघे १५! तिथली शरद ऋतूतली कोर जवळजवळ उभी असते.

म्हणजे उभी कोर साफ खोटी नाही. ती दुसऱ्यांच्या आकाशातली आहे. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांवरून ती आपल्या हातात उतरली असावी, असा माझा अंदाज. आपल्याकडे कपाळावर कोरतात ती चंद्रकोर पाहा : दोन्ही टोके वर. (तिच्या मध्ये टिंब देतात खरे, पण ते कुंकू आहे, तारा नव्हे!) त्या मुलीने बहुधा गुढीपाडव्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर उभे राहून जे दिसले, ते काढले होते.

नदीवरचे सप्तर्षी

पाहून काढणे आणि ठरावीक साच्याने काढणे, यांतला फरक मोठमोठ्या चित्रकारांच्या बाबतीतही शोधता येतो. आडाम एल्शायमर या जर्मन चित्रकाराने १६०९ साली रोममध्ये तांब्याच्या पत्र्यावर एक छोटेसे रात्रीचे चित्र रंगवले. बाळ येशूला घेऊन त्याचे आईवडील इजिप्तकडे पळून जात आहेत, हा त्याचा विषय. हे चित्र आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे. त्यात आकाशगंगा धुरकट पट्ट्यासारखी नाही, ती सुट्या सुट्या ताऱ्यांची बनलेली आहे. गॅलिलिओचे दुर्बिणीतल्या निरीक्षणांचे पुस्तक १६१० च्या मार्चमध्ये निघाले. चित्र त्याच्या आधीचे! पण याच चित्रात पूर्ण चंद्रही आहे, त्याच्यावरच्या डागांसकट. पौर्णिमेच्या रात्री आकाशगंगा इतकी ठळक दिसत नाही, हे तुम्हीही ताडून पाहू शकाल. एल्शायमरने दोन निरनिराळ्या रात्री एका पत्र्यावर आणल्या आहेत.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने तर याहून मोठी उचलठेव केली. सप्टेंबर १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावी, ऱ्होन नदीच्या काठी त्याने चांदण्यांनी भरलेले आकाश रंगवले. पाण्यात गॅसच्या दिव्यांची लांबच लांब प्रतिबिंबे आहेत आणि वर सप्तर्षी, एकेक तारा ओळखू येईल असे. गंमत अशी की, तो जिथे उभा होता तिथून समोरचा देखावा नैऋत्येला आहे आणि सप्तर्षी तर उत्तरेकडे असतात. म्हणजे सप्तर्षी पाहायला त्याने पाठ फिरवली असणार आणि मग ते आणून नदीवर ठेवले असणार. याला मी चूक म्हणणार नाही. साताही ताऱ्यांची मांडणी त्याने नीट पाहिली आहे. दिशा मात्र चित्राच्या सोयीची घेतली आहे.

वर्षभराने, १८८९ च्या उन्हाळ्यात, तो सँ-रेमी गावच्या मनोरुग्णालयात होता. तिथे त्याने एक चित्र काढले : निळसर डोंगर, समोर गव्हाच्या गंजी आणि डोंगरामागून अर्धवट डोकावणारे नारिंगी बिंब. हा मावळता सूर्य की उगवता चंद्र, यावर मतभेद होते. अमेरिकेतल्या टेक्सासमधील खगोलशास्त्राचे प्राध्यापक डोनाल्ड ओल्सन आपल्या सहकाऱ्यांना घेऊन २००२ साली त्या गावी गेले. चित्रातले घर आणि डोंगराचा उंचवटा त्यांनी शोधून काढला, दिशा मोजल्या. बिंब आग्नेयेला येत होते. आग्नेयेला सूर्य मावळत नाही. तेव्हा तो पूर्णचंद्रच. मग गणित मांडले : तो गावात असताना त्या नेमक्या जागी पूर्णचंद्र केव्हा उगवला? दोन तारखा निघाल्या, १६ मे आणि १३ जुलै.

आता यांतली कोणती? हे दुर्बिणीने सांगता येत नाही, शेताने सांगितले. मे महिन्यात तिथला गहू हिरवा असतो. चित्रातल्या गव्हाची कापणी होऊन सोनेरी गंजी लागल्या आहेत. तारीख ठरली १३ जुलै १८८९. वेळ, तिथल्या स्थानिक घड्याळाप्रमाणे रात्री ९ वाजून ८ मिनिटे. पुढची गोष्ट आणखी मौजेची आहे. दर १९ वर्षांनी चंद्राच्या कला बहुतेक त्याच तारखांना परत येतात. (आपल्या पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक मास घालावे लागतात, ते याच हिशेबाने.) १८८९ मध्ये सहा वेळा १९ मिळवा : २००३. त्या वर्षी १३ जुलैला पुन्हा पौर्णिमा होती.

लाल संध्याकाळी

संध्याकाळच्या रंगांची साक्षही अशीच काढता येते. मावळतीचे किरण डोक्यावरच्या सूर्याच्या किरणांपेक्षा सुमारे ३८ पट हवेतून वाट काढत येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा उरतो, हे तुम्ही शिकला आहातच. पण सूर्यास्तानंतर डोक्यावरचे आकाश गडद निळे का राहते, हे विचारा; पुष्कळजणांना सांगता येत नाही. त्या वेळी तिथे पोचणाऱ्या तिरप्या किरणांतला नारिंगी भाग वरच्या वातावरणातला ओझोन शोषून घेतो.

२७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याचे सूक्ष्म कण उंच वातावरणात पसरत जगभर गेले. त्या हिवाळ्यात लंडनच्या चेल्सी भागात, थेम्स नदीच्या काठी, विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार रोज संध्याकाळी रंगीत खडू घेऊन बसे. आकाशाचा रंग भराभर बदलत जाई आणि तो भराभर एकामागून एक चित्रे काढी. अशी शेकडो झाली. रंगीत छायाचित्रे सर्रास निघत नव्हती, तेव्हाची ही नोंद. रॉयल सोसायटीने १८८८ साली क्राकाटोआवर अहवाल काढला, त्यात ॲस्क्रॉफ्टची चित्रे छापली आहेत. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकचे 'किंकाळी' हे १८९३ चे चित्र मात्र वादात आहे. त्यातले रक्तवर्णी आकाश म्हणजे क्राकाटोआची आठवण, असे ओल्सन म्हणतात. ते मोत्यासारखे चमकणारे, फार उंचावरचे ढग असावेत, असे इतर काही संशोधकांचे मत. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात; मुंक काही नोंदवही भरत नव्हता.

निळे चांदणे

शेवटी एक प्रयोग. चांदणी रात्र रंगवायची म्हटले की चित्रकार निळा रंग घेतो. पण चंद्रप्रकाश निळा नसतो! चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाशच तो. उलट किंचित तांबूसच. पूर्णचंद्राच्या उजेडात कॅमेऱ्याची झडप पुरेसा वेळ उघडी ठेवली, तर गवत हिरवे आणि कौले लाल उमटतात, दिवसासारखी. मग निळेपण कुठून येते? आपल्या डोळ्यातून. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख आहेत. त्या अंधुक उजेडात काम थांबवतात. मग सुमारे १२ कोटी दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना रंगांतला भेद कळत नाही, आणि तांबडा प्रकाश तर जवळजवळ दिसतच नाही. निळसर-हिरवा मात्र चांगला जाणवतो. बोहेमियातला शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याच्या हे १८२५ च्या सुमारास लक्षात आले. दिवसा झगझगीत दिसणारी लाल फुले तिन्हीसांजेला काळी पडतात आणि त्यांची पाने मात्र उजळ दिसतात, असे त्याला आढळले.

तुम्ही जास्वंदीचे लाल फूल घ्या, पानासकट. ते सूर्यास्ताच्या आधी गच्चीवर किंवा अंगणात ठेवा, जवळपासचे दिवे घालवा, आणि दर पाच मिनिटांनी फूल उजळ की पान उजळ, ते वहीत लिहीत जा. फार वेळ बसावे लागणार नाही. जूनमध्ये लंडनला सूर्यास्तानंतरचा लिहिण्यावाचण्यापुरता उजेड पाऊण तास टिकतो, मुंबईला तो पंचवीस मिनिटांच्या आतच संपतो. फूल पानापेक्षा काळे झाले ती वेळ टिपून ठेवा. त्या दिवशी पश्चिमेला कोर असेल, तर वहीच्या समासात तीही काढा, टोके ज्या दिशेला दिसतील त्याच दिशेला. हात लांब करून मसुराचा एक दाणा तिच्याशेजारी धरा. चंद्राचे अख्खे बिंब तेवढेच भरते.