सैन्यातून परतणाऱ्या बांधवांनी पुढील शिक्षणाची आखणी केव्हा करावी?

आपल्या समाजाचे आणि सैन्याचे नाते जुने आहे. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सैन्यातील शाळेत शिक्षक होते. पेन्शनीत निघाल्यावरही त्यांनी मुलांच्या शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. त्यासाठीच 1904 च्या सुमारास त्यांनी बिऱ्हाड मुंबईस हलविले. पुढे 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागेही बाबासाहेबांचे प्रयत्न होते. आजही आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण सैन्यात आहेत. त्यांच्या दुसऱ्या डावाविषयी येथे थोडे लिहीत आहोत.

जवान साधारणपणे पस्तीस ते चाळीसच्या वयात घरी येतो. त्यावेळी मुले शाळेत असतात आणि कमावण्याची वीस वर्षे अजून बाकी असतात. वायरलेस, भांडार, वाहनदुरुस्ती अशी जबाबदारीची कामे केलेले आपले कित्येक बांधव पुढे एखाद्या इमारतीच्या फाटकावर पहारेकरी होतात. कोणतेही काम हलके नाही. परंतु ज्याला कचेरीतील खुर्ची मिळू शकली असती, तो केवळ कागद वेळेवर न जमल्यामुळे फाटकावर राहावा, याची आम्हास खंत वाटते.

केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी गट क मध्ये 10 टक्के व गट ड मध्ये 20 टक्के जागा राखीव असतात. सरकारी बँकांत हे प्रमाण लिपिक वर्गात साडेचौदा व शिपाई वर्गात साडेचोवीस टक्के आहे. त्यांतील साडेचार टक्के जागा अपंग माजी सैनिक व कामी आलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी असतात. वयाचीही अडचण नाही. सेवेची वर्षे वयातून वजा करतात आणि वर तीन वर्षांची सूट देतात. अडतीस वर्षांच्या जवानाची सेवा सतरा वर्षे झाली असेल तर त्याचे वय एकवीस धरले जाते.

दहावी उत्तीर्ण, किंवा सैन्याचे तत्सम विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेला आणि पंधरा वर्षे सेवा झालेला माजी सैनिक, पदवीची अट असलेल्या गट क मधील राखीव जागांनाही पात्र धरला जातो. मात्र त्या पदाला तांत्रिक अनुभवाची अट नसावी. परंतु ही सवलत म्हणजे पदवी नव्हे. अधिकारीपदाच्या परीक्षेला खरी पदवीच लागते. ती नोकरीत असतानाच मिळविता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 पासून याच कामासाठी उभे आहे. म्हणून आखणी निवृत्तीनंतर नव्हे, तर निदान चार वर्षे आधी सुरू करावी. सेवेचे शेवटचे वर्ष सुरू झाले की नागरी नोकरीसाठी अर्जही करता येतो. पुनर्वास महासंचालनालयाचे अभ्यासक्रमही सेवा संपण्यापूर्वीच पदरात पाडून घ्यावेत.

एका नियमाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे माजी सैनिक म्हणून एकदा कायम सरकारी नोकरी पत्करली की राखीव जागेचा हक्क संपतो. घाईने शिपायाची जागा घेतली तर पुढे लिपिकाच्या राखीव जागेवर दावा करता येत नाही. 2014 च्या आदेशाने यात एक वाट ठेवली आहे. रुजू होण्यापूर्वी केलेल्या सर्व अर्जांची तारीखवार यादी रुजू होताच लेखी दिली, तर त्या अर्जांपुरता हक्क टिकतो. म्हणून अर्ज अनेक करावेत आणि प्रत्येकाची नोंद वहीत ठेवावी.

1990 च्या कायद्याने बौद्ध बांधवांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. तेव्हा केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढावा. शाळेचा दाखला आणि सेवापुस्तक यांतील नाव व जन्मतारीख जुळते का, हेही पाहावे. घरी परतताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे.

बँकेच्या काउंटरवर आम्ही पाहतो की, निवृत्तीची एकरकमी रक्कम घर आणि लग्न यांतच संपते. त्यातील एक वाटा स्वतःच्या व मुलांच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत बाजूला काढावा.

2022 पासून अग्निवीर योजना आली. चार वर्षांनंतर चारांपैकी फार तर एकच कायम होतो. बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही. या मुलांनी तर भरतीच्या दिवसापासूनच पदवीचा विचार केला पाहिजे. त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात सेवेतील प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक धरण्याची सोय आहे.

संस्थेच्या सभासदांना विनंती आहे की, आपल्या वस्तीतील कोण सैन्यात आहे आणि केव्हा परतणार आहे, याची यादी करावी. रजेवर आलेल्या बांधवाला विहारात बोलावून हे समजावून सांगावे. विद्यार्थ्यांनी त्यांचे अर्ज भरून द्यावेत. देशासाठी उभा राहिलेला आपला भाऊ परत आल्यावर सन्मानाने उभा राहावा, हीच मंगल कामना.

जय भीम!