विश्लेषण : लष्करी आघाडी किती वाढवावी? वसईच्या तहापासून नाटोपर्यंतचा पेच

नाटोची सदस्यसंख्या आता ३२ आहे. युक्रेनलाही आत घ्यावे की नाही, यावर या लष्करी आघाडीत एकमत नाही. युरोपातला हा वाद महाराष्ट्राला वाटतो तितका परका नाही. कळंबोलीहून द्रुतगती महामार्गाला लागणारा नवी मुंबईकर ज्या दिशेने बोरघाट गाठतो, त्याच दिशेची पनवेल-खोपोलीची जुनी वाट १८०३-०४ मध्ये एका लष्करी आघाडीची रसदवाहिनी बनली होती. मुंबईहून होड्यांनी आलेले धान्य आणि दारूगोळा पनवेल बंदरात उतरायचा, तेथून घाट चढून पुण्याला जायचा. जनरल आर्थर वेलस्लीची फौज तेव्हा दख्खनमध्ये होती, कारण पेशवे ईस्ट इंडिया कंपनीच्या आघाडीचे नवे सदस्य झाले होते. तो विस्तार करायला हवा होता का, यावर त्या वेळी लंडनमध्येही वाद झाला.

तैनाती फौजेला आघाडी म्हणता येईल?

शाळेच्या पुस्तकात तैनाती फौज म्हणजे इंग्रजांचा सापळा, एवढेच आपण वाचतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कागदावर हे तह परस्पर संरक्षणाचे होते. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू, हे वसईच्या तहाचे मूळ कलम. नाटो कराराच्या पाचव्या कलमाचा गाभाही हाच आहे. फरक अटींत होता. कंपनीची फौज कायम सदस्याच्या मुलखात राहणार, तिचा खर्च सदस्याने द्यायचा किंवा त्यापोटी मुलूख तोडून द्यायचा, आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीला विचारल्याशिवाय करायचा नाही.

१७९८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आलेल्या रिचर्ड वेलस्लीने या तहांचे जाळे झपाट्याने पसरवले. १७९८ मध्ये हैदराबाद, १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर, १८०१ मध्ये अवध, १८०२ मध्ये बडोद्याचे गायकवाड आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पेशवे. पाच वर्षांत इतका विस्तार.

आत येण्याची घाई कोणाला होती?

विस्तार म्हणजे मोठ्याने लहानाला ओढून घेणे, असे सरसकट मानले जाते. प्रत्यक्षात अनेकदा दार बाहेरून ठोठावले जाते. निजामाचे उदाहरण बोलके आहे. १७९० मध्ये कंपनी, पेशवे आणि निजाम यांनी टिपूविरुद्ध आघाडी केली होती. पाच वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, या तिघांतले दोघे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्ड्याला एकमेकांसमोर उभे ठाकले. कंपनीचा गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला आणि निजाम हरला. मित्र असून वेळेला कोणी येत नाही, हा धडा हैदराबादने घेतला. आधी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी वाढवल्या आणि १७९८ मध्ये कंपनीची कायम फौज पत्करली. (एकाच आघाडीतले दोघे भिडण्याची वेळ नाटोवरही आली आहे. १९५२ मध्ये बरोबरच सदस्य झालेले ग्रीस आणि तुर्कस्तान १९७४ मध्ये सायप्रसवरून युद्धाच्या तोंडाशी होते. त्यानंतर ग्रीस काही वर्षे नाटोच्या संयुक्त लष्करी रचनेबाहेर राहिला.)

पुण्याने मात्र हे दार बराच काळ ठोठावले नाही. नाना फडणवीस यांनी टिपूविरुद्ध कंपनीशी हातमिळवणी केली, पण परकी फौज कायमची घरात घेणे टाळले. ठरावीक कामापुरती मैत्री आणि कायमचे सदस्यत्व यातला भेद त्यांना नेमका ठाऊक होता. मार्च १८०० मध्ये ते वारले.

वसईत नेमके काय ठरले?

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि महाड, सुवर्णदुर्ग, रेवदंडा असे करत डिसेंबरमध्ये वसईला पोहोचले. ३१ डिसेंबरला त्यांनी कंपनीशी तह केला. किमान सहा हजार पायदळ आणि तोफखाना पेशव्यांच्या मुलखात राहणार, त्यासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचा, सुरतेवरचा हक्क सोडायचा, निजाम आणि गायकवाडांशी असलेले तंटे कंपनीच्या लवादाने मिटवायचे. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या बळावर बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसले.

इथे विस्ताराच्या प्रश्नाची खरी मेख आहे. नवा सदस्य आघाडीत काय घेऊन आला? फौज नाही, खजिना नाही. होते ते एक मोठे पद, आणि त्या पदावर आपलाही हक्क मानणारे शिंदे, होळकर, भोसले हे बलाढ्य सरदार. म्हणजे आघाडीने एक राजा घेतला आणि त्याच्या घरातली सगळी भांडणेही घेतली.

बाहेर राहिलेल्यांनी काय केले?

दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांचा आक्षेप सरळ होता. पेशवे मराठी राज्याचे प्रमुख, त्यांनी आम्हाला न विचारता असा तह कसा केला? दोघांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ जमल्या. आमचा हल्ल्याचा विचार नाही, असे ते सांगत होते. वेलस्ली म्हणत होता, मग मागे हटा. त्यावर उत्तर आले की तुमच्या फौजा मुंबई, मद्रास आणि श्रीरंगपट्टणला परत जाऊ द्या, त्याच दिवशी आम्ही बुऱ्हाणपूरला पोहोचतो. आधी कोण हटणार, यावर बोलणी अडली आणि ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झाले.

एका बाजूचे संरक्षण दुसऱ्या बाजूला वेढा वाटते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. शिंदे-भोसल्यांची भीती खरी होती की निमित्त, हा वाद इतिहासकारांत चालू राहील. भीती खरी असली, तरी निजामाच्या सरहद्दीवर फौजा उभ्या करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, हेही खरे. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत वेलस्ली जिंकला, पण त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार किंवा जखमी झाले. नोव्हेंबरमध्ये अडगाव, डिसेंबरमध्ये गाविलगड. भोसले आणि शिंदे यांनी तह केले. होळकर बाहेरच राहिले आणि १८०४ मध्ये त्यांच्याशी वेगळे युद्ध पेटले. त्यात कर्नल मॉन्सनच्या फौजेला राजपुतान्यातून वाताहत होऊन परतावे लागले. फौजांनी तुडवलेल्या दख्खनमध्ये याच काळात मोठा दुष्काळही पडला. त्याची झळ आघाडीच्या आतल्या रयतेला बसली, तशी बाहेरच्याही.

लंडनला काय खटकले?

कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे याने वसईच्या तहावर सविस्तर आक्षेप नोंदवले. त्याचा रोख असा, की नावापुरता प्रमुख असलेल्या पेशव्याशी संरक्षणाचा करार केल्याने कंपनी मराठी सत्तेच्या न संपणाऱ्या अंतर्गत तंट्यांत ओढली जाईल. वेलस्ली बंधूंचा प्रतिवाद असा, की आपण ही जागा घेतली नसती तर फ्रेंचांनी घेतली असती, आणि पेशव्याला मोकळे सोडले तर निजामाचे संरक्षणही धोक्यात येईल. आघाडी वाढवायची नसेल तर आहे तीही टिकणार नाही, हा विस्तारवाद्यांचा युक्तिवाद आजही याच शब्दांत ऐकू येतो.

कर्ज वाढत होते आणि भरतपूरचा वेढा फसला होता. १८०५ मध्ये रिचर्ड वेलस्ली मायदेशी परतला. विस्तार थांबवण्यासाठी वृद्ध कॉर्नवॉलिसला पुन्हा पाठवण्यात आले. तो त्याच ऑक्टोबरमध्ये गाझीपूरला वारला आणि काम जॉर्ज बार्लोकडे आले.

थांबण्याची किंमत कोणी मोजली?

विस्तारावरील चर्चेत हा भाग नेहमी निसटतो. जयपूरने डिसेंबर १८०३ मध्ये कंपनीशी संरक्षणाचा तह केला होता. होळकरांविरुद्धच्या युद्धात जयपूरने पुरेशी मदत केली नाही, असे कारण देऊन बार्लोने तो तह मोडला. सरसेनापती लॉर्ड लेकने त्याला विरोध केला होता, तरीही. त्यानंतरची दहा-बारा वर्षे राजपुतान्यात शिंदे, होळकरांचे सरदार, अमीर खान आणि पेंढारी यांनी धुमाकूळ घातला. १८१८ मध्ये जयपूरला पुन्हा आत घेण्यात आले. दरम्यानचा हिशेब कोणी ठेवला नाही.

याआधी रघुनाथरावांच्या बाबतीतही असेच घडले होते. मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये सुरतेला त्यांच्याशी तह केला, कलकत्त्याने तो अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळा तह केला. मुंबईने तरीही हट्ट सोडला नाही. १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज खाडी ओलांडून पनवेलच्या बाजूने बोरघाट चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली. एका कचेरीने आश्वासन द्यायचे, दुसरीने झटकायचे आणि तिसऱ्याने त्यावर विसंबून लढायचे. विस्तार करणे किंवा स्पष्ट नकार देणे, या दोन्हींपेक्षा ही अर्धवट उघडी दारे महाग पडली, असे या सगळ्या प्रकरणांतून दिसते.

नाटो याच वळणावर?

१९४९ मध्ये १२ देशांनी सुरू झालेल्या नाटोत १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक आले, २००४ मध्ये एकदम सात देश. अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी १९९७ मध्येच या विस्ताराला घातक चूक म्हटले होते. पूर्व युरोपातील देशांचे म्हणणे वेगळे. आम्हाला कोणी ओढले नाही, सोव्हिएत रणगाडे पाहिले असल्याने आम्हीच अर्ज केला, असे ते सांगतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

पण २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत जे झाले, त्याचे समर्थन करणे अवघड आहे. अमेरिकेला युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्यत्वाच्या वाटेवर आणायचे होते, जर्मनी आणि फ्रान्सचा विरोध होता. तडजोड म्हणून हे देश सदस्य होतील, असे जाहीर केले, पण तारीख दिली नाही. रशियाला चिथावणी मिळाली आणि त्या दोन देशांना संरक्षण मिळाले नाही. त्याच ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झाले, २०१४ मध्ये क्रिमिया गेला, २०२२ मध्ये युक्रेनवर पूर्ण आक्रमण झाले. आक्रमणाची जबाबदारी रशियाचीच. सुरत आणि जयपूर आठवतात ते त्या तारीख नसलेल्या वाक्यामुळे.

फिनलंडची गोष्ट उलट. मे २०२२ मध्ये अर्ज, एप्रिल २०२३ मध्ये सदस्यत्व. रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा आघाडीत आली, पण तिच्यासोबत सक्तीच्या लष्करी सेवेतून तयार झालेले मोठे राखीव दल आणि भक्कम तोफखानाही आला. बाजीरावांनी असे काहीच आणले नव्हते. स्वीडनला मात्र तुर्कस्तान आणि हंगेरीच्या मान्यतेसाठी मार्च २०२४ पर्यंत थांबावे लागले.

तुलना कुठे संपते?

नाटोत प्रवेशासाठी मुलूख तोडून द्यावा लागत नाही आणि बाहेर पडायची मुभा आहे. पेशव्यांना ती नव्हती. जून १८१७ च्या पुणे तहाने त्यांच्याकडून आणखी मुलूख आणि मराठी सरदारांवरचे प्रमुखपद काढून घेण्यात आले. त्याच वर्षी बेलापूरचा किल्लाही कंपनीकडे गेला. नोव्हेंबरमध्ये खडकीला बाजीरावांनी आघाडी मोडायचा प्रयत्न केला आणि जून १८१८ मध्ये ते माल्कमच्या स्वाधीन झाले. पुढे वर्षाला आठ लाख रुपये तनखा आणि बिठूरचे वास्तव्य. स्वतंत्र भारत लष्करी गटांपासून दूर राहिला आणि क्वाडलाही लष्करी आघाडी म्हणणे टाळतो. त्यामागची कारणे शीतयुद्धातली असली, तरी महाराष्ट्राला ती समजायला वेळ लागू नये.

पुढे काय?

नाटोच्या दहाव्या कलमानुसार नव्या सदस्याला सर्वांच्या संमतीनेच बोलावता येते. २०२४ च्या वॉशिंग्टन परिषदेत युक्रेनच्या वाटचालीला न परतणारी म्हटले गेले. २०२५ च्या द हेग जाहीरनाम्यात २०३५ पर्यंत संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले, पण युक्रेनच्या सदस्यत्वाचा उल्लेख त्यात नव्हता. बुखारेस्टचे आश्वासन मात्र मागेही घेतलेले नाही.